रुग्णालयात रुग्ण पडला तर जबाबदार कोण? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी ३१ वर्षं वॉर्डात काढली, त्यातली शेवटची ११ इन्चार्ज सिस्टर म्हणून. निवृत्त झाल्यावर फोन येऊ लागले. कुणी म्हणतं, "आई हॉस्पिटलात बाथरूमजवळ पडली, खुबा मोडला, आणि ते म्हणतात आमची चूक नाही." तर कुणी नुकती ड्युटीला लागलेली मुलगी रडवेल्या आवाजात विचारते, "ताई, माझ्या नाइटला पेशंट पडला, आता माझं काय होणार?" दोघांचे प्रश्न इथे एकत्रच ठेवले आहेत, कारण दोघांचंही उत्तर बहुतेक वेळा एकाच जागी सापडतं: केस पेपरवर. प्रत्यक्ष दावा लावायचा असेल तेव्हा वकिलाशी बोला. पण बोलण्याआधी एवढं माहीत असू द्या.

रुग्ण पडला म्हणजे हलगर्जीपणा झालाच, असं धरायचं का?

नाही. उत्तम वॉर्डातही माणसं पडतात. चालता येणारा, शुद्धीवर असलेला चाळिशीचा माणूस अचानक चक्कर येऊन कोसळला तर त्यात कुणाचा दोष असेलच असं नाही. कायदा विचारतो ते दोन प्रश्न. हा माणूस पडू शकतो हे कळायला हवं होतं का? आणि कळल्यावर काय केलं? तिसरा प्रश्न मी माझ्या अनुभवातून जोडते, कारण निम्मं नुकसान तिथे होतं: पडल्यावर काय केलं?

"वाजवी काळजी" म्हणजे नेमकी किती काळजी?

याचं उत्तर देणारा एक जुना निकाल आपल्या मातीतला आहे. १९५३ साली रत्नागिरी जिल्ह्यातल्या पालशेतच्या किनाऱ्यावर एका तरुणाची मांडी मोडली, त्याला पुण्याला आणलं आणि तिथे उपचारांदरम्यान त्याचा मृत्यू झाला. डॉ. लक्ष्मण बाळकृष्ण जोशी विरुद्ध डॉ. त्र्यंबक बापू गोडबोले या नावाने ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १९६८ मध्ये निकाल लागला. न्यायालयाचं म्हणणं थोडक्यात असं: काळजी अत्युच्च दर्जाचीच हवी असं नाही, पण अगदी हलक्या दर्जाचीही चालणार नाही. त्या परिस्थितीत, त्या व्यवसायातल्या समंजस माणसाने जी घेतली असती ती घ्यायला हवी.

इंग्लंडमधल्या १९५७ च्या बोलॅम खटल्यातून आलेली कसोटीही आपली न्यायालयं वापरतात. त्या क्षेत्रातले जाणकार ज्या पद्धतीला योग्य मानतात त्या पद्धतीने काम झालं असेल, तर केवळ उपचाराचा परिणाम वाईट झाला म्हणून दोष येत नाही. नर्सिंगला हे लावायचं तर तुलना दुसऱ्या सिस्टरशी होते. तेवढंच शिक्षण आणि तसाच वॉर्ड असलेल्या जबाबदार सिस्टरने त्या रात्री काय केलं असतं, हे पाहिलं जातं.

पडण्याचा धोका आधी ओळखता येतो का?

बऱ्याच अंशी येतो, आणि म्हणूनच "अचानक पडले हो" हे उत्तर मला सहजी पटत नाही.

अनेक रुग्णालयांत मॉर्स स्केल नावाचा तक्ता भरतात. त्यात सहा गोष्टी असतात. पूर्वी पडण्याचा इतिहास असेल तर २५ गुण. एकापेक्षा जास्त आजार असतील तर १५. काठी किंवा वॉकर लागत असेल तर १५, आणि भिंत-खुर्ची धरत चालत असेल तर ३०. सलाईन किंवा शिरेत सुई असेल तर २०. चाल अशक्त असेल तर १०, तोल जात असेल तर २०. आणि आपल्याला किती झेपतं याचं भान नसेल तर १५. बेरीज साधारण ४५ च्या वर गेली की जास्त धोका धरतात.

आता सत्तरीच्या आजोबांचं उदाहरण घ्या. मधुमेह आणि रक्तदाब असे दोन आजार, हाताला सलाईन, आणि कॉट धरत धरत चालणं. १५ अधिक २० अधिक ३०, म्हणजे ६५. आयुष्यात एकदाही पडलेले नसले तरी ते पहिल्याच दिवशी जास्त धोक्याच्या यादीत येतात.

तक्त्याचं कौतुक मात्र बेताचं करावं. ब्रिटनमध्ये आरोग्यसेवेसाठी सूचना काढणाऱ्या नाइस संस्थेने २०१३ च्या मार्गदर्शक सूचनांत असे गुण-तक्ते वापरू नका असं म्हटलं होतं. ६५ वर्षांवरच्या प्रत्येक भरती रुग्णाला धोका आहेच असं धरा आणि त्याच्या नेमक्या अडचणी शोधा, असा त्यांचा सल्ला होता. मला तो पटतो. मी असे कागद पाहिलेत की दाखल झाल्या दिवशी ६५ गुण लिहिले, हिरवी शाई, झोकदार सही, आणि पुढे आठ दिवस त्या आकड्याकडे कुणी पाहिलं नाही. रुग्णालयाच्या विरुद्ध जाणारा सगळ्यात जड पुरावा हाच ठरतो: धोका माहीत होता हे तुम्हीच लिहून ठेवलंय.

शिवाय धोका बदलतो. ऑपरेशननंतर, झोपेचं औषध सुरू झाल्यावर, रक्तातलं सोडियम उतरून आजी बरळायला लागल्यावर, ताप चढल्यावर पुन्हा मोजायला हवं. सोमवारचा तक्ता गुरुवारी कामाचा नसतो.

धोका आहे हे कळल्यावर सिस्टरने काय करणं अपेक्षित आहे?

माणसं कॉटवरून कमी आणि बाथरूमच्या वाटेवर जास्त पडतात. त्यामुळे अर्धं उत्तर लघवीत आहे. संध्याकाळी उशिरा लघवीची गोळी दिली की रात्री दोनदा-तीनदा उठणं आलंच. ती वेळ डॉक्टरांशी बोलून बदलता येते का, हे विचारणं सिस्टरचं काम आहे. झोपण्याआधी स्वतःहून "बाथरूमला जायचंय का?" विचारणं, पॉट हाताशी ठेवणं आणि ठरलेल्या वेळी फेरी मारणं, यात खर्चाचं काही नाही.

बाकीचं सगळ्यांना माहीत असतं, पण राहून जातं. कॉट खाली घेऊन चाकांना ब्रेक लावणं. कॉल बेल चालते का ते पाहणं आणि ती हाताशी ठेवणं, उशीमागे नव्हे. चष्मा, कानाचं यंत्र, पाण्याचा पेला जवळ असू देणं. रात्री एक दिवा चालू ठेवणं. एकदम उभं न करता पाय लटकवून दोन मिनिटं बसवणं, कारण उठल्यावर रक्तदाब घसरतो. आपल्याकडची म्हणून खास कारणं वेगळीच: गुळगुळीत झालेली रबरी स्लिपर, पायात येणारी साडी, बाथरूमचा उंबरा, सलाईनच्या स्टँडची अडकणारी चाकं, आणि पहाटे पाच-साडेपाचला फिनाइलने पुसलेली ओली फरशी. नेमक्या त्याच वेळी सगळा वॉर्ड बाथरूमला निघालेला असतो. फरशी पुसण्याची ती वेळ सिस्टर किंवा मावशी ठरवत नाहीत, व्यवस्थापन ठरवतं.

आणि हँडओव्हर. "पाच नंबर एकट्याने उठायचं नाही" हे वाक्य दिवसाच्या सिस्टरकडून रात्रीच्या सिस्टरपर्यंत पोचलं की नाही, यावर कधी कधी सगळं प्रकरण उभं असतं.

कॉटचे कठडे वर केले होते, हातही बांधले होते. मग तर काळजी घेतली ना?

कठडे हे रामबाण नाहीत. गोंधळलेला रुग्ण कठड्यावरून चढून उतरायला बघतो, आणि मग तो जास्त उंचीवरून पडतो. बांधून ठेवणं तर अगदी शेवटचा उपाय. त्याला डॉक्टरांचा लेखी आदेश हवा, कारण लिहिलेलं हवं, ठरावीक वेळाने सोडून पाहणं हवं. मानसिक आजारांच्या रुग्णालयांसाठी तर २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने यावर कडक अटी घातल्या आहेत. स्टाफ कमी आहे म्हणून माणसाला कॉटला बांधणं ही काळजी नव्हे. नुकसानभरपाईच्या प्रकरणात ते उलट रुग्णालयाच्या अंगावर येऊ शकतं.

पडल्यानंतरच्या पहिल्या तासात काय व्हायला हवं?

पहिली गोष्ट, घाईने उचलून कॉटवर टाकू नये. आधी शुद्ध, श्वास, नाडी, मान, डोकं, हातपाय तपासायचे. एक पाय आखूड आणि बाहेरच्या बाजूला वळलेला दिसला तर खुबा मोडल्याची दाट शंका घ्यायची. मग डॉक्टरांना बोलवायचं आणि बोलवल्याची वेळ लिहायची. डोक्याला मार असेल, आणि विशेषतः रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर "आता ठीक आहेत" यावर विसंबता येत नाही. मेंदूवरचा रक्तस्राव काही तासांनी, कधी काही दिवसांनीही उघड होतो. म्हणून ठरावीक वेळाने शुद्ध आणि डोळ्यांच्या बाहुल्या तपासत राहायचं. नातेवाइकांना लगेच कळवायचं. घटनेचा अहवाल त्याच पाळीत भरायचा.

माझे वडील प्रोस्टेटच्या ऑपरेशननंतर एका खासगी रुग्णालयात पहाटे चारच्या सुमारास पडले. त्यांना उचलून झोपवलं. शेजारच्या रुग्णाच्या मुलाने सकाळी मला सांगितलं. एक्स-रे साडेनऊला निघाला, खुबा मोडलेला होता. साडेपाच तास ते वेदनाशामकाशिवाय होते. पुढे कागद हाती आले, तेव्हा पहाटे चारच्या नोंदीत लिहिलं होतं: "रुग्ण झोपलेला. तक्रार नाही." पडण्याबद्दल मी त्या सिस्टरला दोष दिला नसता, एकटी होती ती, चोवीस कॉटना. त्या ओळीसाठी मात्र मी लेखी तक्रार केली.

"तुमचा माणूस सोबत होता ना?" असं रुग्णालय म्हणालं तर?

हे फार ऐकू येतं. रात्री कॉटखाली चटई टाकून झोपलेला मुलगा हा प्रशिक्षित परिचर नव्हे. रुग्णाची देखभाल हे रुग्णालयाचं काम आहे आणि सोबतीला माणूस ठेवायला लावून ते काम त्याच्यावर ढकलता येत नाही. पण एकट्याने उठवू नका असं नीट समजावलेलं असताना, तशी नोंद असताना, नातेवाइकाने परस्पर उठवलं आणि रुग्ण पडला, तर ती गोष्ट विचारात घेतली जाते आणि भरपाई कमीही होऊ शकते.

दाखल करताना "पडल्यास रुग्णालय जबाबदार नाही" अशा छापील कागदावर सही घेतात, त्याबद्दलही विचारणा होते. ती सही फार तर तुम्हाला धोका सांगितला होता एवढं दाखवते. निष्काळजीपणाला आगाऊ माफी म्हणून ती चालत नाही.

भरपाई कोणी द्यायची: सिस्टरने, मावशीने की रुग्णालयाने?

रुग्णालयाने. नोकराच्या कामातल्या चुकीची जबाबदारी मालकावर येते. स्प्रिंग मेडोज रुग्णालयाच्या प्रकरणात सिस्टरने लहान मुलाला चुकीचं इंजेक्शन थेट शिरेत दिलं आणि ते मूल कायमचं अंथरुणाला खिळलं. १९९८ साली सर्वोच्च न्यायालयाने रुग्णालयाला जबाबदार धरलं. मुलासाठी साडेबारा लाख आणि आईवडिलांसाठी वेगळे पाच लाख रुपये मंजूर झाले.

नेमकं कोणाचं चुकलं हे सापडत नसलं तरी दावा बुडत नाही. औरंगाबादच्या सिव्हिल हॉस्पिटलात १९६३ साली एका बाळंतिणीच्या पोटात टॉवेल राहिला आणि ती दगावली. अच्युतराव खोडवा विरुद्ध महाराष्ट्र शासन या १९९६ च्या निकालात न्यायालयाने स्पष्ट केलं की कोणत्या कर्मचाऱ्याने चूक केली हे ठामपणे सिद्ध झालं नाही, एवढ्यावरून दावा फेटाळता येत नाही. पडण्याच्या प्रकरणात हे फार उपयोगी आहे. त्या पाळीत कोण होतं ते नातेवाइकाला कसं कळणार?

स्टाफच कमी होता. मग सिस्टरचा काय दोष?

भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषांप्रमाणे सर्वसाधारण वॉर्डात शिकवणाऱ्या रुग्णालयात तीन रुग्णांमागे एक आणि इतर रुग्णालयांत पाच रुग्णांमागे एक परिचारिका हवी. रात्रीचे वॉर्ड ज्यांनी पाहिलेत त्यांना या आकड्यांपासून आपण किती लांब आहोत ते सांगायला नको.

रुग्णालयाला "माणसं नव्हती" हा बचाव होत नाही. ती सेवेतली त्रुटीच ठरते. सिस्टरने मात्र ते त्याच दिवशी लिहून द्यायला हवं. ड्युटी सुरू होताना मेट्रनच्या, म्हणजे मुख्य परिचारिकेच्या, नावाने दोन ओळी पुरतात: आज इतके रुग्ण, त्यातले इतके जास्त धोक्याचे, मी एकटी, एक मावशी मिळावी. पोच घ्या. पोच देत नसतील तर ड्युटी रिपोर्टच्या वहीत लिहा. प्रसंग ओढवल्यावर सांगितलेली अडचण सबब वाटते. आधी लिहिलेल्या अडचणीला उत्तर व्यवस्थापनालाच द्यावं लागतं.

कागद कसे मिळवायचे? रुग्णालय टाळाटाळ करतंय.

भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार भरती रुग्णाच्या नोंदी तीन वर्षं ठेवाव्या लागतात आणि मागितल्यावर ७२ तासांत द्याव्या लागतात. अर्ज लेखी द्या, प्रतीवर आवक शिक्का आणि तारीख घ्या. फक्त डिस्चार्ज कार्ड घेऊन परतू नका. नर्सिंग नोट्स, औषधांचा तक्ता, पडण्याच्या धोक्याचा तक्ता, हँडओव्हरची नोंद आणि घटनेचा अहवाल, सगळं नावानिशी मागा. अहवाल अंतर्गत आहे म्हणून दिला नाही, तर तक्रार केल्यावर ग्राहक आयोग तो हजर करायला सांगू शकतो. सीसीटीव्हीचं चित्रण काही दिवसांत पुसलं जातं, म्हणून ते जपून ठेवा असं पत्र त्याच दिवशी द्या.

तक्रार कुठे करायची, किती मुदतीत?

घटनेपासून दोन वर्षांत, ग्राहक आयोगाकडे. १९९५ च्या इंडियन मेडिकल असोसिएशन विरुद्ध व्ही. पी. शांता या निकालाने वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्यात आली. २०१९ च्या नव्या कायद्यात आरोग्यसेवेचा वेगळा उल्लेख नाही म्हणून ती वगळली असा युक्तिवाद झाला. तो मुंबई उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये आणि सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये अमान्य केला.

कोणता आयोग, हे तुम्ही मागता त्या भरपाईवर ठरत नाही. रुग्णालयाला दिलेल्या रकमेवर ठरतं. ५० लाखांपर्यंत जिल्हा आयोग, म्हणजे जवळजवळ सगळेच. बिल पाच लाखांपर्यंत असेल तर दाव्याला शुल्क नाही. रुग्णालय मुंबईत आणि तुम्ही साताऱ्यात राहत असाल तर साताऱ्यातच तक्रार करता येते. वकील न लावता स्वतः बाजू मांडता येते.

सरकारी दवाखान्यात मोफत उपचार चालू होते. तरी दाद मागता येते?

ज्या दवाखान्यात सगळ्यांनाच मोफत सेवा आहे, तिथे ग्राहक आयोगाचं दार बंद. केस पेपरची नाममात्र फी भरल्याने ते उघडत नाही. काही रुग्णांकडून पैसे घेऊन काहींना मोफत उपचार देणारं रुग्णालय असेल तर मोफत उपचार घेणाराही ग्राहक ठरतो. विमा कंपनीने बिल भरलं असेल तरी तुम्ही ग्राहकच.

शासनाविरुद्ध दिवाणी दावा करता येतो. खोडवा प्रकरण दिवाणी दाव्यातूनच वर गेलं होतं. त्याआधी शासनाला दोन महिन्यांची नोटीस लागते. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमाती, दिव्यांग आणि कमी उत्पन्नाच्या लोकांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो.

चूक सिद्ध कोणी करायची?

सुरुवात तुमची: धोका होता, रुग्ण पडला, हे हे नुकसान झालं. तेवढं उभं राहिलं की आपण काळजी घेतली हे रुग्णालयाने दाखवायचं. सविता गर्ग प्रकरणात २००४ साली सर्वोच्च न्यायालयाने हे सांगितलं, आणि प्रत्येक डॉक्टर-सिस्टरला पक्षकार करायची गरज नाही हेही. किशन राव प्रकरणात २०१० साली स्पष्ट झालं की प्रत्येक वेळी तज्ज्ञाचं मत लागतंच असं नाही. ओली फरशी आणि बंद पडलेली बेल कळायला तज्ज्ञ कशाला हवा?

भरपाई किती मिळते?

ठरलेला तक्ता नाही. दुसऱ्या ऑपरेशनचा खर्च, घरी ठेवलेल्या बाईचा पगार, बुडालेली मिळकत, वेदना, कायमचं अपंगत्व हे सगळं धरतात, म्हणून पावत्या सांभाळा. "वय झालंच होतं" हा युक्तिवाद होतो. त्याला उत्तर म्हणून पडण्याआधीचं आयुष्य मांडा. आजी रोज भाजी आणायला जात होती, नातवाला शाळेत सोडत होती, हे शेजाऱ्याच्या प्रतिज्ञापत्रात येऊ द्या. गृहिणीच्या कामाला पैशात मोल आहे हे लता वाधवा प्रकरणात २००१ सालीच मान्य झालं आहे.

सिस्टरवर पोलीस केस होते का?

क्वचित. फौजदारी गुन्ह्याला साधी चूक पुरत नाही, घोर निष्काळजीपणा लागतो, हे जेकब मॅथ्यू निकालाने २००५ मध्ये ठरवलं. एक गोष्ट मात्र मुलींना माहीत नसते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ मध्ये निष्काळजीपणाने मृत्यू घडल्यास पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. वैद्यकीय प्रक्रिया करणाऱ्या नोंदणीकृत डॉक्टरांसाठी ती दोन वर्षांपर्यंत आहे. या सवलतीच्या व्याख्येत परिचारिका येत नाहीत. मला हा अन्याय वाटतो आणि परिचारिका संघटनांनी यावर बोलायला हवं.

नातेवाइकांना एक कळकळीची विनंती: सिस्टरवर हात उचलू नका. महाराष्ट्रात २०१० च्या कायद्याप्रमाणे तो अजामीनपात्र गुन्हा आहे, आणि तुमची खरी तक्रार त्यात बुडून जाते.

माझ्या ड्युटीत रुग्ण पडला. नोंद कशी लिहू?

जे पाहिलं तेच. "रुग्ण पडला" असं लिहू नका, जर तुम्ही पडताना पाहिलं नसेल. "२.४० वाजता कॉटच्या उजव्या बाजूला फरशीवर बसलेले आढळले; म्हणाले, लघवीला निघालो होतो" असं लिहा. बेल कुठे होती, कठडे कसे होते, फरशी कोरडी होती का, शेवटची फेरी किती वाजता झाली, तेही लिहा. डॉक्टरांना किती वाजता कळवलं आणि ते किती वाजता आले, दोन्ही वेळा लिहा. कुणाला दोष देऊ नका, स्वतःलाही नाही. आणि मागची नोंद खोडू नका. राहिलेलं असेल तर "उशिरा केलेली नोंद" असं लिहून, आत्ताची वेळ टाकून, सही करा. खाडाखोड केलेला एक शब्द तुमच्या बाकीच्या खऱ्या पानांवरचा विश्वास घालवतो.

उद्या आईला दाखल करतोय. आम्ही काय करावं?

पहिल्याच दिवशी सिस्टरला चार गोष्टी सांगा: पूर्वी कधी पडली, रात्री किती वेळा उठते, झोपेची, रक्तदाबाची किंवा रक्त पातळ करणारी गोळी कोणती चालू आहे, आणि कोणत्या डोळ्याने कमी दिसतं. "हे लिहून घ्या" असं नम्रपणे म्हणा. मागे पट्टा असलेली, तळव्याला खाचा असलेली चप्पल न्या. साडीऐवजी गाऊन, तोही घोट्याच्या वर. तिला बाथरूमपर्यंत एकदा दिवसाउजेडी चालवून आणा, उंबरा कुठे आहे ते पायाने समजू द्या. आणि घरी परतण्याआधी बेल तिच्याच हाताने एकदा वाजवून घ्या. कोण येतं आणि किती वेळात, ते पाहा.